फोटोच्या फाइलींचे रूपांतर : फॉर्म भरणाऱ्यांसाठी आणि जुने कागद जपणाऱ्यांसाठी एक पाठ



जून महिना उजाडला की आपल्या विहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत एक टेबल मांडले जाते. शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरभरती, जात पडताळणी असे जे जे अर्ज आता संगणकावरूनच भरावे लागतात, ते भरण्यास विद्यार्थ्यांना व पालकांना मदत करणे एवढाच त्या टेबलाचा उद्देश. या कामात आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसून आली. फॉर्ममधील प्रश्नांची उत्तरे आपली मुले व्यवस्थित देतात. घोडे अडते ते शेवटच्या पानावर. ‘फोटो अपलोड करा’, ‘स्वाक्षरी अपलोड करा’, ‘दाखला अपलोड करा’ येथे आले की फाइल चालत नाही, मोठी होते, लहान होते, काळी दिसते. मग गुगलवर शोधून जी वेबसाइट प्रथम दिसेल तिच्यावर दाखला चढवून फाइल बदलून घेतली जाते. ही वेबसाइट कोणाची, आपला दाखला तेथे राहिला की गेला, याचा विचार करायला त्या घाईत कोणाला उसंत नसते.

आमच्या टेबलावर आलेल्या एका मुलीची हकिकत सांगतो. एका परीक्षेच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. तिने मामाच्या आयफोनवर फोटो काढून घेतला होता. पोर्टल फक्त जेपीजी फाइल मागत होते आणि तिच्या फोटोच्या नावापुढे एचईआयसी अशी अक्षरे होती. धाकट्या भावाने हुशारी केली. फाइलचे नाव बदलताना शेवटची अक्षरे खोडून तेथे जेपीजी असे लिहिले. फोटो पूर्वीसारखाच उघडला, म्हणून काम झाले असे दोघांनाही वाटले. पोर्टलने मात्र फाइल पुन्हा नाकारली. मग एका वेबसाइटवरून रूपांतर केले, तर फाइल दोन एमबीची निघाली व मर्यादा होती ५० केबीची. दुसऱ्या वेबसाइटवर आकार कमी केला, तर ती १२ केबीची झाली आणि किमान २० केबी हवी होती. रात्रीचे बारा वाजले व मुदत संपली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर आली तेव्हा आमच्या हातात करण्यासारखे काही राहिले नव्हते. तिने पुढच्या वर्षी तोच अर्ज भरला. एक वर्ष गेले ते फाइलच्या शेवटच्या चार अक्षरांपायी. हा पाठ लिहिण्याचे कारण तेच.

प्रथम फोटोची फाइल म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. रंगीत फोटोतील प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे लागतात आणि प्रत्येक आकड्याला साधारणपणे एक बाइट जागा लागते. आता हिशेब करा. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएस ही संस्था ज्या सूचना देते, त्यांत फोटोचा आकार २०० गुणिले २३० पिक्सेल आणि वजन २० ते ५० केबी असे सांगितलेले असते. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० ठिपके. प्रत्येकी तीन बाइट धरले तर १,३८,००० बाइट, म्हणजे सुमारे १३५ केबी. मग ५० केबीत तो बसणार कसा? तर आवळून. ही आवळण्याची जी रीत, तिलाच फाइलचा प्रकार किंवा फॉरमॅट म्हणतात. गादीचा कापूस तोच, पण कोणी ती घडी घालून ठेवतो, कोणी गुंडाळून दोरीने बांधतो. बांधण्याची रीत ठाऊक नसेल तर सोडताही येत नाही. पोर्टलला जेपीजीची गाठ सोडता येते, एचईआयसीची येत नाही, एवढाच त्या रात्रीचा प्रश्न होता.

नाव बदलून भागत का नाही हेही यावरून समजेल. फाइलचा खरा प्रकार नावात नसून आत, अगदी सुरुवातीच्या बाइटांत लिहिलेला असतो. पीएनजी फाइलच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या बाइटमध्ये तर पी, एन, जी हीच अक्षरे असतात. जेपीजीची सुरुवात दुसऱ्याच ठराविक बाइटांनी होते. फोन पुष्कळदा नावाकडे दुर्लक्ष करून आतील खूण पाहतो व फोटो दाखवतो, म्हणून त्या भावाची फसगत झाली. पोर्टलनेही आतील खूण पाहिली, म्हणून फाइल परत आली. घराच्या दारावरची पाटी बदलली म्हणून आत राहणारे कुटुंब बदलत नाही.

आता नेहमी भेटणाऱ्या प्रकारांची ओळख करून घेऊ. जेपीईजी, ज्याला आपण जेपीजी म्हणतो, त्याचे मानक १९९२ साली निश्चित झाले. मानवी डोळ्याला उजेड-अंधारातील फरक चटकन कळतो, रंगातील बारीक फरक तितका कळत नाही, या गोष्टीचा फायदा ही पद्धत घेते. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे करून डोळ्याला न जाणवणारा तपशील ती टाकून देते. त्यामुळे चेहरे, झाडे, मिरवणूक यांचे फोटो थोड्या जागेत छान बसतात. परंतु जे टाकले ते टाकले, ते परत येत नाही. आणि जेथे पांढऱ्या कागदावर काळी अक्षरे असतात तेथे ही पद्धत कमी पडते. फाइल फार आवळली की अक्षरांच्या कडेला धुरकट ठिपके उठतात. देवनागरीत तर अनुस्वार, रफार आणि उकार यांचाच प्रथम बळी जातो. ‘कांबळे’चा ‘काबळे’ झाला तर दोष कारकुनाचा नसून फाइल आवळणाऱ्याचा असू शकतो.

पीएनजी हा प्रकार १९९६ साली आला. त्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. त्याआधी जीआयएफ हा १९८७ सालचा प्रकार प्रचारात होता. त्यात एका चित्रात फक्त २५६ रंग बसत. १९९४ च्या अखेरीस त्यातील आवळण्याच्या पद्धतीवर एका कंपनीने पेटंटचा हक्क सांगून पैसे मागण्यास सुरुवात केली. तेव्हा जगभरच्या काही जाणकारांनी एकत्र येऊन कोणाचीही मालकी नसलेला नवा प्रकार तयार केला, तोच पीएनजी. तो आवळतो, पण काहीही टाकून देत नाही. अक्षरे, बोधचिन्हे, आकृत्या यांसाठी तो उत्तम. शिवाय त्यात पारदर्शक भाग ठेवता येतो. जेपीजीत तो ठेवता येत नाही. आमच्या एका जयंतीच्या पत्रिकेवर अशोकचक्राभोवती काळा चौकोन छापून आला होता, त्याचे कारण हेच. पारदर्शक पीएनजीचे जेपीजी करताना संगणकाने मोकळी जागा काळ्या रंगाने भरली आणि आम्ही न पाहता छपाईला दिली. पाचशे पत्रिका होत्या!

टिफ हा प्रकार १९८६ सालचा, छपाई व जतन यांसाठी वापरला जाणारा. फाइल जड होते, पण काही हरवत नाही. वेबपी हा गुगलने २०१० साली आणला. वेबसाइटवरून उतरवून घेतलेले चित्र पुष्कळदा या प्रकारात येते. एचईआयसी हा ॲपलने २०१७ पासून आयफोनमध्ये आणला. तो जेपीजीपेक्षा कमी जागेत तितकाच चांगला फोटो ठेवतो, पण आपली पोर्टले त्याला बहुधा ओळखत नाहीत. राहता राहिला पीडीएफ. हा मुळात चित्राचा प्रकारच नव्हे, ती कागदांची पेटी आहे. दाखल्याचा फोटो पीडीएफ केला म्हणजे बहुतेक वेळा तो जेपीजी त्या पेटीत ठेवला जातो. आत अंधुक फोटो असेल तर पीडीएफ केल्याने तो स्पष्ट होणार नाही.

हीच गोष्ट सर्वच रूपांतरांना लागू आहे. अंधुक जेपीजीचे पीएनजी केले की फाइल चौपट-पाचपट जड होईल, स्पष्ट मात्र होणार नाही. पातळ झालेले वरण मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून घट्ट होत नाही. उलट जेपीजी उघडून, थोडा कापून, पुन्हा जेपीजीत साठवला, मग व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, तेथून उतरवून परत लहान केला, तर प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा तपशील गळतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होते तसेच हे. म्हणून दाखला कोणाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. तो जसाच्या तसा जातो. आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलवरून नवी प्रत करावी, प्रतीवरून प्रत करू नये.

आता ऑनलाइन रूपांतराकडे वळू. वेबसाइटवर आपण फाइल चढवतो तेव्हा ती आपल्या फोनमधून निघून कोणाच्या तरी दूरच्या संगणकावर पोहोचते. तेथे रूपांतर होते व नवी फाइल परत येते. पहिली फाइल तेथे किती वेळ राहिली हे आपल्याला दिसत नाही. ‘एका तासात पुसून टाकतो’ असे त्या पानावर लिहिलेले असते. त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते. सर्वच वेबसाइटी लबाड आहेत असे आम्हाला म्हणायचे नाही. पण मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या डेन्व्हर येथील कार्यालयाने इशारा दिला होता की, फाइल फुकटात बदलून देणाऱ्या काही वेबसाइटी खरोखर फाइल बदलून देतात, मात्र तिच्यासोबत संगणक बिघडवणारा प्रोग्रामही घालून देतात व चढवलेल्या कागदांतील खासगी माहिती काढून घेतात. काम झाल्यामुळे माणसाला संशयही येत नाही, ही त्यातली मेख.

जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो चढवला तर फार बिघडत नाही. परंतु आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक व स्वाक्षरी हे चारही कागद एकाच वेबसाइटवर एकाच संध्याकाळी चढवणे म्हणजे घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाकडे ठेवून गावी जाण्यासारखे आहे. आमच्या टेबलावर हेच सर्वांत जास्त घडत असे. आधारचा पूर्ण क्रमांक जेथे आवश्यक नसेल तेथे ‘मास्क्ड आधार’ वापरावे. आधार प्राधिकरणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ते मिळते व त्यात क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

काही वेबसाइटी मात्र फाइल बाहेर नेतच नाहीत. रूपांतराचा प्रोग्राम आपल्याच ब्राउझरमध्ये येतो व काम आपल्याच यंत्रावर होते. गुगलच्या क्रोम विभागातील मंडळींनी २०१८ साली केलेले स्क्वूश हे त्यातले एक. ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. पान पूर्ण उघडू द्यावे, मग इंटरनेट बंद करावे व प्रथम एखादा साधा, फुलाबिलाचा फोटो बदलून पाहावा. इंटरनेट बंद असताना रूपांतर झाले तर फाइल कोठेही गेली नाही हे उघड आहे. झाले नाही तर दाखला तेथे चढवू नये.

खरे म्हणजे बहुतेक कामाला वेबसाइट लागतच नाही. विंडोज संगणकावरील पेंट हा प्रोग्राम सर्वांना ठाऊक आहे. त्यात फोटो उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीजी किंवा पीएनजी निवडले की रूपांतर झाले. ‘रिसाइझ’मध्ये पिक्सेल निवडून २०० व २३० हे आकडे घातले की आकारही झाला. मात्र त्याआधी फोटो त्याच प्रमाणात कापून घ्यावा, नाहीतर चेहरा ताणला जातो. पेंटमध्ये जेपीजी किती आवळायचा हे ठरवता येत नाही. ते ठरवायचे असेल तर इरफानव्ह्यू हा छोटा प्रोग्राम किंवा जिम्प हा मोठा प्रोग्राम वापरावा. दोन्ही घरगुती वापरासाठी विनामूल्य आहेत. त्यांत गुणवत्तेचा आकडा खालीवर करून फाइल नेमकी २० ते ५० केबीच्या मध्ये बसवता येते. फाइल १२ केबीची झाली तर आकडा वाढवायचा, ८० केबीची झाली तर कमी करायचा. पण हे मूळ फोटोवरून करायचे, आधीच आवळलेल्या १२ केबीच्या फाइलवरून नव्हे. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडावा. पुढचे सर्व फोटो जेपीजीतच निघतील. एवढे त्या मामाला ठाऊक असते तर!

स्वाक्षरीबद्दल थोडे. आयबीपीएसच्या सूचनांत स्वाक्षरीसाठी १४० गुणिले ६० पिक्सेल व १० ते २० केबी असे माप असते. ती पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करावी लागते आणि इंग्रजी मोठ्या लिपीतील सही चालत नाही. आपली मुले वहीच्या रेघोट्या असलेल्या पानावर निळ्या पेनने सही करून बल्बच्या उजेडात फोटो काढतात, मग हाताची सावली सहीवर पडते. दिवसा खिडकीजवळ कोरा कागद ठेवून फोटो काढला तर पुढची निम्मी कटकट वाचते. मापे दरवर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्यावीत, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

सायबर कॅफेत काम करावे लागले तर उठण्यापूर्वी ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमधील आपल्या फाइली पुसाव्यात, रिसायकल बिनही रिकामी करावी आणि ईमेल व व्हॉट्सॲपमधून बाहेर पडावे. आमच्या एका कार्यकर्त्याला अशाच एका दुकानातील संगणकावर सतरा जणांची आधार कार्डे एका फोल्डरमध्ये पडलेली दिसली. त्यांतली तीन आपल्याच वस्तीतील होती.

आता जुन्या कागदांविषयी. हा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल असे कागद. त्यांतले काही मोडी लिपीत असतात. आपल्या बहुतेक घरांत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नोंदी बौद्ध अशा झाल्या. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू करणारी दुरुस्ती झाली, तरी जातीच्या पुराव्यासाठी धर्मांतरापूर्वीचा तो एक जुना कागद शोधावाच लागतो. एका कुटुंबाने आजोबांचा उतारा दुकानात नेऊन ‘लहान करून द्या’ म्हणून सांगितले. दुकानदाराने मोबाइलने फोटो काढला, व्हॉट्सॲपवरून संगणकावर घेतला व ६० केबीचा केला. त्यात जातीच्या रकान्यातील फिकट शाईची नोंद पुसट डागासारखी दिसू लागली. पुढे घर बदलताना मूळ कागद गहाळ झाला. पडताळणीच्या वेळी नातवाजवळ राहिली ती ही ६० केबीची फाइल. शेवटी गावी दोनदा खेपा घालून शाळेच्या रजिस्टरवरून नवा उतारा मिळवावा लागला. रजिस्टर शाबूत होते म्हणून निभावले.

म्हणून असा कागद फ्लॅटबेड स्कॅनरवर, निदान ३०० डीपीआयला आणि रंगीत स्कॅन करावा. रंगीत अशासाठी की फिकट निळी किंवा जांभळी शाई व रबरी शिक्का काळ्या-पांढऱ्यात कागदाच्या पिवळेपणात मिसळून जातात. फाइल टिफ किंवा पीएनजीत साठवावी. ही झाली ठेवणीची प्रत. तिला हात लावायचा नाही. पोर्टलसाठी तिच्यावरून लहान जेपीजी किंवा पीडीएफ करावा. स्पष्ट दिसावे म्हणून अक्षरे गडद करणे, डाग पुसणे, तुटलेले अक्षर जोडणे असले काहीही करू नये. हेतू चांगला असला तरी पुराव्याच्या कागदात फेरफार केल्याचा ठपका येऊ शकतो व तो निस्तरणे कठीण जाते. आणि फाइल झाली म्हणून मूळ कागद टाकून देऊ नये, समितीपुढे मूळच दाखवावा लागतो. कागदाला लॅमिनेशन करण्याची आपल्याकडे फार आवड आहे, तीही आवरावी. प्लास्टिकखालून कागद पुन्हा सुटत नाही.

फोटोंचेही तसेच आहे. आपल्या कित्येक घरांत १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या गर्दीतून परत आलेली माणसे होती. त्यांचे पांढऱ्या साडीतील, पांढऱ्या सदऱ्यातील कृष्णधवल फोटो आज ट्रंकेत आहेत. कोणाकडे ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ची पिवळी पडलेली पाने आहेत. चार गुणिले सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर २,४०० गुणिले ३,६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके होतात. रंगीत टिफ फाइल सुमारे २५ एमबीची होते. ही जागा आज महाग नाही. एका साध्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये असे हजारांहून अधिक फोटो बसतात. मात्र एकाच पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. दोन वेगळ्या घरांत दोन प्रती असाव्यात.

हल्ली जुना फोटो चढवला की रंगीत व चकचकीत करून देणाऱ्या वेबसाइटी निघाल्या आहेत. त्यांच्यापासून आम्ही जरा लांबच राहतो. तेथे रूपांतर होत नाही, तेथे यंत्र आपल्या अंदाजाने नवे डोळे, नवे दात, नवा कपडा रंगवते. आमच्यातील एका आजींना त्यांच्या आईचा असा फोटो दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई छान आहे, पर ही माझी माय न्हाई.” मग ट्रंकेतला मूळ फोटो काढून आणला. त्याला मधोमध घडीची रेघ होती, एक कोपरा वाळवीने खाल्लेला होता. तोच आम्ही ६०० डीपीआयला स्कॅन केला, रेघेसकट. फाइलच्या नावात आजींच्या आईचे नाव, गाव व साल घातले, कारण कॅमेऱ्याने किंवा स्कॅनरने दिलेल्या आकड्यांच्या नावावरून वीस वर्षांनी कोणाला काही कळणार नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी होत्या, त्या बाजूचीही वेगळी फाइल केली.

ज्यांच्याकडे असे फोटो व कागद असतील त्यांनी ते रविवारी सकाळी वंदनेनंतर घेऊन यावेत. स्कॅनिंग तेथेच, मालकाच्या डोळ्यांसमोर होते व मूळ वस्तू लगेच परत दिली जाते. येताना रिकामा पेनड्राइव्ह आणावा.